अमावास्येच्या आसपास

रात्रीच्या आकाशातल्या मंद उजेडाचे फोटो घ्यायला अमावास्येच्या आसपासच्या रात्री लागतात. चंद्र वर आला की फोटो धुतल्यासारखा पांढरा पडतो, आणि पावसाळ्यात तर कॅमेरा झाकूनच ठेवायचा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून असं निरीक्षण झालं आहे. खरा हंगाम मार्च-एप्रिलचा.

सगळं आकाश एका गोलात मावेल अशी लेन्स, खाली फिल्टरचं चाक आणि थंड ठेवलेला सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्याचा प्रकाश टिपणारा भाग. तो तापला तर स्वतःच खोटा उजेड नोंदवतो. ६३० नॅनोमीटरचा फिल्टर लावला की सुमारे २५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजनचा तांबडा उजेड तेवढा उरतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पडद्यावरही करडाच येतो, त्यामुळे रंग बघायला आलेल्या पाहुण्यांचा विरस ठरलेला.

बघायचं असतं ते उजेड नसलेलं आकाश. अंधार पडल्यावर तास-दोन तासांत दक्षिणेच्या कडेला काळे पट्टे उगवतात, उत्तरेकडे लांबत जातात आणि सगळे मिळून पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला शंभरएक मीटरने. हे प्लाझ्माचे, म्हणजे आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणातले, बुडबुडे. तिथे इलेक्ट्रॉन कमी, म्हणून उजेडही कमी.

सूर्य मावळला की आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, खालच्या भागातले आयन आणि इलेक्ट्रॉन झपाट्याने जुळून नाहीसे होतात. वरचा दाट थर टिकतो; तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर तर विद्युतक्षेत्र त्याला आणखी वर उचलतं. तेलावर पाणी ठेवावं तशी ही अवस्था. एखादी लहानशी लाट आली की विरळ प्लाझ्मा वर मुसंडी मारतो. हीच रॅले-टेलर अस्थिरता. बुडबुडा चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना पसरतो. म्हणून पट्टा कोल्हापूरच्या जितका उत्तरेला पोचेल, तितका तो चुंबकीय विषुववृत्तावर उंच चढलेला असतो. एका फोटोवरून हे कळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पेरूतल्या वान्कायो इथे बुकर आणि वेल्स या संशोधकांनी अशा अस्थिरतेने विस्कटलेले रेडिओ लहरींचे प्रतिध्वनी नोंदवले ते १९३८ साली. आज याच बुडबुड्यांतून येताना जीपीएसचे संकेत लुकलुकतात, कधी तुटतातही.

सोमवारी पट्टे येतात, मंगळवारी तसंच आकाश असून येत नाहीत. आज रात्री येतील का, हे सूर्यास्ताआधी खात्रीने सांगण्याची पद्धत अजून कुणापाशी नाही.