बर्फावर चालणाऱ्या जुन्या मोटारी

मोटार ही वस्तु मुळांत सडकेसाठीं निर्माण झाली. सडक संपली कीं तिचा सारा डौल ओसरतो, हें पावसाळ्यांत कोंकणांतल्या चिखलवाटेवर रुतलेली गाडी ज्यांनीं खांदा देऊन बाहेर काढली असेल त्यांना निराळें सांगावयास नको. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेहि प्रदेश आहेत कीं, जेथें वर्षांतील कित्येक महिने सडक बर्फाखालीं गडप झालेली असते. तेथेंहि डॉक्टराला रोग्याच्या उशाशीं पोंचावें लागतें, टपाल घरोघर द्यावें लागतें, आणि वादळांत वाट चुकलेल्या माणसाला शोधून आणावें लागतें. अशा ठिकाणीं मोटारीला बर्फावर चालावयास ज्यांनीं शिकविलें, त्यांच्या कारागिरीची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तींत नवलाची गोष्ट ही कीं, या कामीं पुष्कळदां उपयोगी पडली ती नवी कोरी गाडी नव्हे, तर वीस-पंचवीस वर्षें झिजलेली जुनी.

मऊ बर्फांत गाडी कां रुतते? इंजिनाची शक्ति अपुरी पडते म्हणून, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक शक्ति जितकी अधिक लावावी, तितकें चाक जागच्या जागीं गरगरून आपलाच खड्डा अधिक खोल खणतें. खरा प्रश्न शक्तीचा नसून, गाडीचें ओझें किती जागेवर पसरलें आहे याचा असतो. उंटाचा पसरट तळवा वाळूंत बुडत नाहीं आणि घोड्याचा खूर बुडतो. आपणहि अंगणांतल्या राडींतून जावयाचें झाल्यास फळी टाकून तीवरून जातों. बर्फासाठीं मोटारींत आजवर जे जे फेरफार झाले, त्यांतील बहुतेक सारे या फळीचेच निरनिराळे अवतार होत.

पहिला अवतार पट्ट्यांचा. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यावर अडॉल्फ केग्रेस नांवाचा फ्रेंच यंत्रज्ञ होता. त्यानें मागल्या चाकांच्या जागीं लवचिक पट्टे बसवून राजाच्या मोटारी बर्फावर चालविल्या. पुढें क्रांति झाली, झार गेला, परंतु युक्ति राहिली. अशा पट्ट्यांवर चालणारी लेनिनची रोल्स रॉइस गाडी मॉस्कोजवळ गोर्की येथें जपून ठेवलेली आहे. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानांत व्हर्जिल व्हाइट या फोर्ड गाड्यांच्या विक्रेत्यानें याच धर्तीवर गरिबांची सोय केली. फोर्डच्या सुप्रसिद्ध टी मोटारीच्या पुढल्या चाकांच्या जागीं घसरपट्ट्या, आणि मागें आणखी दोन चाकें जोडून त्यांवरून पट्टे, असा जोडसरंजाम तो विकूं लागला. त्याचीं गिऱ्हाइकें कोण, तर मुख्यतः खेडोपाडींचे डॉक्टर आणि टपालवाले. झाराच्या मोटारीपेक्षां आम्हांस ही फोर्ड अधिक वंदनीय वाटते.

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी याचें नांव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु तेनसिंगसमवेत तें शिखर गांठल्यानंतर साडेचार वर्षांनीं तो शेतकामाचे फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, ही हकीकत तितकी परिचित नाहीं. एका नांगरावर जुंपावयाचें हें यंत्र. घोड्यांच्या हिशेबानें त्याची शक्ति तिसाच्या आंतबाहेर. त्याच्या चाकांवरून पट्टे चढविले, भेगेंत एक कोसळल्यास दुसऱ्यानें धरून ठेवावें म्हणून दोरांनीं ते एकमेकांस बांधले, आणि १४ ऑक्टोबर १९५७ रोजीं निघालेली ही स्वारी ४ जानेवारी १९५८ रोजीं ध्रुवावर पोंचली. स्कॉटच्या १९१२ सालच्या प्रवासानंतर जमिनीवरून ध्रुव गांठणारे हेच पहिले लोक, आणि यंत्रवाहनानें तेथवर गेलेले तर सर्वांत पहिले.

पट्टे गुणकारी खरे, पण ते सडकेवर चालेनात. गति मंद, झीज फार, आणि घरापासून बर्फापर्यंतची वाट पट्ट्यांवर रखडत काटावयाची हें तर अशक्यच. एकच गाडी सकाळीं डांबरी रस्त्यावर धांवावी आणि दुपारीं हिमनदीवर चढावी, हें साधलें तें आइसलंडच्या लोकांना. आणि आमच्या मतें या विद्येंत खरी मजल त्यांनींच मारली.

हा देश म्हणजे उत्तर अटलांटिकांतलें एक बेट. त्याचा सुमारें दशांश भाग बारमाही हिमानें झांकलेला, आणि वस्ती अद्यापि चार लाखांच्या आंत. दुसऱ्या महायुद्धांत १९४० सालीं तेथें इंग्रज फौज उतरली, १९४१ त अमेरिकन आली, आणि फौजेबरोबर जीप आली. युद्ध संपल्यावर या जीपा शेतकऱ्यांच्या हातीं पडल्या. त्याच सुमारास मुंबईंत महिंद्रांनीं विलिस जीप जोडण्यास आरंभ केला होता. म्हणजे आमच्या खेड्यांतून धुरळा उडवीत हिंडलेली जीप आणि तिकडे बर्फ तुडविणारी जीप या सख्ख्या बहिणीच म्हणावयाच्या.

जीपेला मोठीं चाकें बसवावीं हें कोणासहि सुचेल. परंतु १९८० नंतरच्या दशकांत आइसलंडच्या हौशी मंडळींत जी गोष्ट रूढ झाली, ती प्रथमदर्शनीं वेडेपणाची वाटते. मोठा टायर बसवून त्यांतील हवा जवळजवळ सारी काढून टाकावयाची! सडकेवर चौरस इंचास पंचवीस-तीस पौंड दाब असावयाचा. तो मऊ बर्फावर दोन-तीन पौंडांवर आणतात.

हिशेब करून पाहूं. गाडी सामानासह २४०० किलोग्रॅमची धरली तर तिचें वजन सुमारें ५३०० पौंड होतें. टायरांत २८ पौंड दाब असेल तर प्रत्येक चाक जमिनीला टेकतें तें साधारण ४७ चौरस इंचांवर, म्हणजे दोन-अडीच पोस्टकार्डांएवढ्या जागेवर. दाब ३ पौंड केला कीं हीच जागा ४४० चौरस इंचांवर, म्हणजे जेवावयास बसण्याच्या चांगल्या मोठ्या पाटाएवढी होते. टायरची भिंत कांहीं भार स्वतः तोलते, म्हणून प्रत्यक्षांत आंकडा थोडा कमी भरेल. पण मुद्दा तोच. दोन पायांवर उभा असलेला माणूस बर्फावर जितका दाब देतो, साधारण तितकाच आतां ही अडीच टनांची मोटार देते. मग ती कां बुडावी? हवा भरलेलें चाक बर्फ कापीत जातें, आणि हवा काढलेलें चाक बर्फावर अंथरलें जातें.

मात्र ही साधी युक्ति अंगीं लावून घ्यावयास गाडीचा जवळजवळ पुनर्जन्मच करावा लागतो. उदाहरणार्थ, तिकडे फार मान्यता पावलेली टोयोटा लँड क्रूझरची ८० मालिका घ्या. ही गाडी १९९० नंतरच्या दशकांतली. सांगाडा पोलादी, पुढें-मागें दोन्हीकडे अखंड आंस, आणि विजेच्या नाजूक करामती थोड्या. मूळचें चाक सुमारें ३१ इंच व्यासाचें, त्या जागीं ३८ इंची बसवावयाचें. तें मावत नाहीं, म्हणून पत्रा कापून चाकांच्या कमानी वाढवितात आणि बाहेरून फायबरग्लासचे रुंद पंखे जोडतात. पुष्कळदां पुढला आंस थोडा पुढें आणि मागला थोडा मागें सरकवितात, म्हणजे पेटी फार उंच न उचलतां चाकाला जागा होते. कारण उंच गाडी उलटते. व्यास सात इंचांनीं वाढला म्हणजे आंस जमिनीपासून साडेतीन इंच वर जातो, तेवढेंच बर्फांत पोट घासणें कमी होतें.

मोठें चाक म्हणजे इंजिनाला लांब तरफ. सायकलवरून चढ चढतांना जड गिअर पडला तर जी गत होते, तीच इंजिनाची होते. म्हणून डिफरन्शिअलांतील दांत्यांचें प्रमाण ४.१० असेल तर तें ४.८८ करतात. हा फेर केला नाहीं, तर वेगदर्शक यंत्र ताशीं ५० मैल दाखवीत असतां गाडी ६१ मैलांनीं पळत असते! ब्रेकांवरहि ताण वाढतो. अति हळू चालण्यासाठीं आणखी एक मंदगतीची गिअरपेटी बसविणारेहि आहेत. एक फेरफार केला कीं तो दुसरा मागतो. जुनें घर दुरुस्तीस काढणाऱ्यांना हा अनुभव नवा नाहीं.

हवा इतकी कमी झाल्यावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका फार. म्हणून कोणी रिमच्या कडेला बारीक खांचे पाडून ती खरबरीत करतात, कोणी टायर रिमला सरसासारख्या पदार्थानें चिकटवितात, तर कोणी कडेवर पोलादी कडें आवळून बसवितात. एवढें करूनहि तो निसटलाच, तर ज्वालाग्राही वायु आंत फवारून काडी लावतात, आणि स्फोटासरशी टायर पुनः जागेवर बसतो. ही युक्ति खरी असली तरी तींत हात, डोळे आणि गाडी तिन्ही गमावण्याचा संभव असल्यामुळें तिचें अनुकरण कोणीहि करूं नये.

आतां नवी गाडी कां नको? नवी गाडी वजनानें भारी असते, आणि बर्फावर प्रत्येक जादा मण भोंवतो. शिवाय जुनीचे भाग कापतां, सांधतां, बदलतां येतात. नवीचा संगणक चाकाचा व्यास बदलतांच रुसून बसतो. तथापि जुनीलाच सोनें मानणाऱ्यांशीं आम्ही पूर्ण सहमत नाहीं. गंजलेला सांगाडा हिमनदीवर मोडला तर तेथें लोहार मिळत नसतो.

हा खेळ श्रीमंतांच्या हौसेपुरता असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्चिली नसती. आइसलंडला स्वतःचें सैन्य नाहीं. वादळांत, हिमपातांत अगर भेगांत सांपडलेल्यांचा शोध घेण्याचें काम मुख्यतः स्वयंसेवकांचीं पथकें करतात; त्यांची संघटना लँड्सब्योर्ग या नांवानें १९९९ पासून एकवटली आहे. दिवसा कोणी शिक्षक, कोणी सुतार. हांक आली कीं हातांतलें काम टाकून निघावयाचें. नववर्षाच्या रात्रीं उडविण्याचें दारूकाम विकून तीं आपल्या खर्चाचा मोठा वांटा उभा करतात, आणि त्यांच्या गाड्या याच रुंद चाकांच्या असतात. जेथें वाऱ्यामुळें विमान उडत नाहीं, तेथें तीन पौंड हवेचें चाकच कोणाच्या तरी घरचा माणूस परत आणतें.

कायद्यानें तेथें सडक सोडून गाडी हांकणें मना आहे. कारण तेथील शेवाळाची जमीन एकदां खरवडली कीं भरून यावयास कित्येक वर्षें लागतात. सूट आहे ती हिमनद्यांवर, आणि गोठलेल्या भूमीवर पुरेसें बर्फ असेल तेव्हां. फेरफार केलेल्या गाडीची सरकारी नियमांनुसार तपासणीहि व्हावी लागते. आपल्याकडे दंडक निराळा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहींत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. हिमालयांत आपण बर्फावरून जाण्यापेक्षां बर्फाखालून जाणें पसंत केलें. रोहतांगजवळचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा २०२० सालीं खुला झाला. तरी कोणी हिंवाळ्यांत तिकडे जाणार असतील, तर त्यांनीं चाकांच्या सांखळ्या मात्र बरोबर ठेवाव्या. घट्ट व निसरड्या बर्फावर हवा काढून तितका लाभ होत नाहीं. तेथें सांखळीच धरते.

हिमनदीवरून उतरून सडक लागली कीं आइसलंडचा प्रवासी थांबतो. ढिला टायर डांबरावर वेगानें चालविला तर तापून फाटतो, म्हणून गाडींत बसविलेला कंप्रेसर सुरू करून चारहि चाकांत पुनः हवा भरावी लागते. अडतीस इंची टायर दोनतीन पौंडांवरून पंचवीसांवर यावयास बराच वेळ जातो. तोंवर मंडळी गाडीच्या आडोशाला उभी राहून कॉफी पितात, आणि कोणीतरी गुडघ्यावर बसून दाबमापक पहात असतो.