मानेतली न दुखणारी गाठ: लिम्फोमा ओळखायचा कसा आणि उपचाराचे सहा महिने काढायचे कसे

पायात काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. दात किडला की जबड्याखाली गाठ येते. अशी गाठ ठणकते, हात लावू देत नाही आणि जखम बरी झाली की आठ-पंधरा दिवसांत बसते. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच मानेत किंवा काखेत सुपारीएवढी गाठ आली आणि ती दुखतच नसली, तर माणूस निवांत राहतो. सोयाबीन निघू दे मग बघू, दिवाळी होऊ दे मग बघू, असं करत तीन-चार महिने जातात.

घोळ इथंच होतो. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. रबरासारखी लागते, हळूहळू वाढते, कधी एकीच्या दोन-तीन होतात. सोबत संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि सहा महिन्यांत वजनात दहावा हिस्सा घट असेल, म्हणजे ७० किलोचा माणूस ६३ वर आला असेल, तर एक दिवसही थांबू नये. काहींच्या अंगाला नुसती खाज सुटते, पुरळ काहीच नसतं.

शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच लसिकेच्या नळ्यांचं जाळं असतं आणि त्यावर जागोजागी छोट्या गाठी असतात. शिवेवरच्या चौकीसारखं त्यांचं काम, आलेला जंतू अडवायचा. तिथल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागल्या की त्याला लिम्फोमा म्हणतात. १८३२ साली लंडनच्या डॉ. थॉमस हॉजकिन यांनी यातला एक प्रकार पहिल्यांदा मांडला, तो हॉजकिन लिम्फोमा. तो विशीतल्या-तिशीतल्या पोरांनाही होतो. बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन, आणि त्यांचे प्रकार बरेच आहेत. एकत्र जेवल्यानं, भांडी वापरल्यानं हा आजार पसरत नाही, त्यामुळे ताट वेगळं करायचं काही कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की पहिला संशय टीबीचा. जुनी माणसं याला गंडमाळ म्हणतात. हा संशय चुकीचा नाही, कारण आपल्या देशात अशा गाठी टीबीमुळे खूप येतात. ताप, घाम, वजन उतरणं ही लक्षणंही दोन्हीकडे तीच. पण गाठ न तपासता अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर सहा महिने त्यातच जातात आणि लिम्फोमा आत पसरत राहतो. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन. त्यानं लिम्फोमाची गाठ थोडे दिवस बसते, माणूस खूश होतो, आणि नंतर तुकडा काढला तरी रिपोर्ट नीट येत नाही.

सुईनं पेशी काढून केलेली तपासणी सुरुवातीला चालते, पण लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला ती पुरत नाही. शक्य असेल तिथं पूर्ण गाठ काढून बायोप्सी लागते. मानेतली गाठ असेल तर बहुतेकदा जागा बधिर करून छोट्या ऑपरेशननं ती निघते. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे पारावरचं बोलणं खरं नाही. त्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडून मागून घ्याव्यात. मोठ्या दवाखान्यात त्या पुन्हा तपासतात. नसल्या तर तेवढ्यासाठी गावाला हेलपाटा पडतो.

मग पेट स्कॅन होतो आणि आजार किती पसरलाय ते कळतं. टप्पे चार. चौथा टप्पा ऐकला की घरात रडारड होते, आणि इथं लोकांची मोठी गैरसमजूत आहे. लिम्फोमा रक्ताच्या जातीचा कॅन्सर आहे, तो पसरलेला असला तरी औषध रक्तातून सगळीकडे पोहोचतं. चौथ्या टप्प्यातले रुग्णही पूर्ण बरे होतात, हॉजकिनमध्ये तर बरेच. ऑपरेशन करून हा आजार काढून टाकता येत नाही, तेव्हा त्याचा हट्ट धरू नये.

उपचार म्हणजे मुख्यतः केमो. नॉन-हॉजकिनच्या नेहमीच्या प्रकारात आर-चॉप नावाची औषधं दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा. हॉजकिनमध्ये एबीव्हीडी, दर १५ दिवसांनी. दोन्हीकडे चार ते सहा महिने धरून चला, म्हणजे एक पूर्ण हंगाम गेला. त्यातलं एक औषध लाल रंगाचं असतं. त्यानं एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. दोन-तीन आठवड्यांत केस जातात. तोंड येतं, बद्धकोष्ठता होते, बोटांना मुंग्या येतात. मळमळीची गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. लग्न व्हायचं असलेल्या किंवा अजून मूल हवं असलेल्या तरुणानं वीर्य साठवण्याबद्दल पहिल्या केमोच्या आधीच विचारावं, बाईनंही डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. हा विषय घरात कोणी काढत नाही.

केस जातात ते परत येतात. खरा धोका तापाचा. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना गाठायचा आणि ‘केमो चालू आहे’ हे आधी सांगायचं. म्हणून घरात थर्मामीटर हवा आणि गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं हवं.

शेतकऱ्याच्या घरात पथ्य सांभाळणं अवघड जातं. शेण काढणं, कुजलेला चारा, मुरघास, धान्याची धूळ, कांदाचाळ यांपासून या काळात लांबच राहायचं. बुरशीचे कण छातीत गेले तर निमोनिया होतो. कच्चं दूध नको, बाहेरचा उघडा रस नको. आणि भेटायला येणारे! पंधरा माणसं एका खोलीत, त्यातले दोघं खोकणारे. त्यांना ओसरीतूनच चहा पाजून लावून द्यावं, कुणी रुसलं तर रुसू द्यावं.

दोन केमोत गाठ हाताला लागेनाशी होते आणि तिथून बरेच जण गळतात. पैसा संपलेला असतो, पेरणी आलेली असते, कुणीतरी जडीबुटीवाला सुचवतो. पण उरलेल्या पेशी हाताला लागत नाहीत, त्या पुन्हा वाढतात आणि मग तेच औषध तेवढं चालेलच असं नाही. आजार उलटला तर जास्त ताकदीची केमो आणि रुग्णाच्याच मूळपेशी परत देण्याचा उपचार करावा लागतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेली कार-टी पेशींची थेरपीही २०२३ पासून देशात मंजूर आहे, पण तिचा खर्च लाखांत जातो. पहिला उपचार पुरा करणंच स्वस्त.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटायचं, पैसे नंतर. दवाखान्याच्या दाखल्यावर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. मुंबईत परळच्या टाटात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

शेवटची केमो झाली म्हणजे लगेच औत धरता येत नाही. थकवा काही महिने राहतो. पहिल्यांदा घराभोवती चालणं, मग बांधापर्यंत, मग हलकी कामं. फवारणी दुसऱ्याकडून करून घ्यावी. लिंडेन हे कीटकनाशक २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं याच आजाराशी जोडलं, तेव्हा बरं झालेल्या माणसानं पंप पाठीवर घ्यायची घाई कशाला? पायाच्या मुंग्या जाईपर्यंत अनवाणी फिरू नये, काच रुतली तरी कळत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, पुढं अंतर वाढतं. ती फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीच्या सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवावी, कारण दहा वर्षांनी दम लागला तरी हृदयाचा डॉक्टर विचारतोच, लाल औषध किती घेतलं होतं.