रात्रपाळीला कोण?

स्मृतिभ्रंशात बहुधा कालचे आधी पुसले जाते, जुने मागे राहते. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाखाली जुने केत्तूर गेले. तिथला म्हातारा रात्री ‘घरी जातो’ म्हणून उठला, तर पावले पाण्याकडेच वळणार. वृद्धाश्रमात यावर सोपा उपाय म्हणजे बाहेरून कडी. पण कोंडलेला माणूस अधिक बिथरतो, अंधारात पडतो. आग लागली तर अडकतो. त्याला ‘वाट कुठली, आबा?’ असे विचारीत चार पावले बरोबर चालणारे माणूस हवे. सलग दोन पाळ्या केलेल्या बाईला ते कसे जमावे? पाळ्यांचे हिशेब करण्यातच माझे आयुष्य गेले, म्हणून विचारतो. २००७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमात जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय सांगितली आहे. रात्री एका सेविकेकडे किती म्हातारे, हे त्या कलमात नाही. आश्रम पाहायला जाल तेव्हा फरशी मागाहून पाहा. आधी हा आकडा विचारा, आणि तिचा पगारही.