पट्टीचा पोहणारा आणि डोह

आदिलाबादेहून निर्मळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेरडीगोंडा लागते. तेथून आत वळले की रानातून वाहत आलेली कडेम नदी सुमारे दीडशे फूट खाली कोसळताना दिसते. हाच कुंतला धबधबा. विदर्भ-मराठवाड्यातील मंडळीही येथे सहलीला येतात. खालच्या डोहात उतरण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, आणि आजवर कितीतरी तरुण त्या पाण्यातून परत आलेले नाहीत.

बुडाला तो पोहता न येणारा असणार, असे आपण सहज म्हणून जातो. आपल्यापैकी पुष्कळजण कमरेला भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले. तेथे मुटके मारण्यात तरबेज झालेला गडी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो, आणि विहिरीपुरते ते खरेही असते. पण नव्या, खोल, गार पाण्यात हाच आत्मविश्वास घात करतो. तो कसा, हे पाहण्यासाठी थोडे हिमालयात जाऊ या.

२०१० सालच्या मे महिन्यात लुईस प्यू हा ब्रिटिश जलतरणपटू एव्हरेस्टनजीकच्या पुमोरी सरोवरात एक किलोमीटर पोहला. हिमनद्या वितळत आहेत, याकडे जगाचे लक्ष वेधणे हा त्याचा हेतू. सरोवराची उंची सुमारे ५,३०० मीटर, पाण्याचे तापमान अवघे २ अंश. याच गृहस्थाने २००७ साली उत्तर ध्रुवावर एक किलोमीटर अंतर कापले होते; तेव्हा थंडीचा अनुभव दांडगा. साहजिकच सरावाच्या वेळी तो नेहमीप्रमाणे जोराने हात मारू लागला आणि बुडता बुडता वाचला. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हात जितका जोरात, तितकी प्राणवायूची भूक मोठी. आणि तो मिळणार कोठून? मग त्याने आपली पद्धतच बदलली. बेडकासारखे हातपाय पसरीत, संथपणे पोहून २२ मिनिटे ५१ सेकंदांत तो पैलतीराला लागला.

आपल्याकडे ती उंची नाही, हे खरे. पण श्वास तुटण्यासाठी हिमालयच हवा असे नाही. अंगाला एकदम गार पाणी लागले की माणूस नकळत जोराने श्वास आत ओढतो आणि मिनिट-दोन मिनिटे धापा टाकीत राहतो. तोंड पाण्याखाली असताना हा पहिला श्वास आला, तर हवेऐवजी पाणीच छातीत जाते. उन्हाळ्यात संथ, खोल डोहाचा वरचा थर कोमट असतो. तळाशी मात्र गारवा टिकून राहतो. वरून सूर मारणारा क्षणार्धात त्या गार थरात पोचतो. खाली खडक आहे की कपार, हेही त्याला ठाऊक नसते.

धबधब्याच्या अगदी पायथ्याशी आणखी एक फसवणूक असते. तेथील पांढरेशुभ्र पाणी म्हणजे पाण्यात मिसळलेले हवेचे बुडबुडे. असे पाणी शरीराला नीट उचलून धरीत नाही, आणि हाताच्या वल्ह्यालाही त्यात जोर मिळत नाही. त्यातच कोसळणारी धार तळाशी जाऊन उलटी फिरते व माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. तेथे मनगटातले बळ फार काळ पुरत नाही. म्हणून कुंतल्याच्या धारेखालचा डोह लांबूनच पाहावा, असे मी स्वच्छ सांगेन.

इतरत्र, परवानगी असलेल्या व माहितीच्या पाण्यात उतरायचे झाले, तर पायांनी उतरावे. तोंडावर, मानेवर पाणी घ्यावे. श्वास जागेवर येईपर्यंत काठ सोडू नये आणि पुढेही काठाकाठानेच पोहावे. बाहेर आल्यावरही शरीराची आतली ऊब काही वेळ उतरतच असते, यास्तव ओले कपडे लगेच बदलावेत.

सोबती बुडू लागला तर आपण उडी टाकू नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. काठावरून दोर, बांबू, नाहीतर अंगावरचे धोतर फेकावे आणि आडवे पडून ओढावे. रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबादेखील अशा वेळी उपयोगी पडतो.