पिचर वाईट की नशीब वाईट?

नॉईज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी हल्ली संख्याशास्त्राच्या पुस्तकाऐवजी एक गेम उघडतो: 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'. यात आपण खेळत नाही, संघ चालवतो. ऑनलाइन लीगमध्ये प्रत्येक संघामागे एक खराखुरा माणूस असतो. ठरलेल्या वेळेपर्यंत सगळे आपापले निर्णय पाठवतात, मग संगणक पुढच्या काही दिवसांचे सामने खेळवतो आणि निकाल हातात देतो.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी: पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला बोलर. मोसमात १६२ सामने. सामना सुरू करणाऱ्या पिचरला पुढे साधारण चार दिवस विश्रांती लागते, म्हणून पाच जणांची पाळी लावतात. तो दमला की उतरवायला बुलपेनमध्ये सात-आठ जण. दमणूक सांभाळणं, कुणासमोर कुणाला आणायचं, हे थोड्या दिवसांत जमतं. अवघड प्रश्न एकच: पाचांपैकी काढायचं कुणाला?

मी एकदा जूनमध्ये एकाला काढलं. दहा सामने, साठेक इनिंग, ईआरए ४.७०. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा. नव्या संघात जाऊन तो सरळ झाला आणि मी चरफडत बसलो. नंतर आकडे उघडून बघितले तर त्याचे स्ट्राइकआउट आणि वॉक दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. माझ्याकडे असताना चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून जात होते, तिकडे त्यांच्या हातात जायला लागले, एवढाच फरक.

हा घोळ गेमपुरता नाही. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन यांनी 'बेसबॉल प्रॉस्पेक्टस'वर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन यांत क्षेत्ररक्षकांचा संबंध जवळपास नसतो, ते पिचरचं कर्तृत्व. पण मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात, यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी असतो. हे प्रमाण बहुतेकांचं ०.३०० च्या आसपास फिरतं. लोकांना पटलं नाही, साहजिकच.

पेद्रो मार्टिनेझचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये ईआरए २.०७, २००० मध्ये १.७४. म्हणजे सुधारला? १९९९ मध्ये त्याचे ३१३ स्ट्राइकआउट आणि फक्त ९ होम रन. २००० मध्ये २८४ आणि १७. वॉक जवळपास तेवढेच. म्हणजे जे त्याच्या हातात होतं ते २००० मध्ये किंचित बिघडलंच! पण मैदानात पडलेल्या सुमारे ४७० चेंडूंपैकी १९९९ मध्ये १५१ हिट झाले, २००० मध्ये १११. टॉम टँगो यांचं एफआयपी हे माप फक्त होम रन, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट मोजतं. त्यानुसार १९९९ साधारण १.४ आणि २००० साधारण २.२. क्रम उलटा.

आता एक शंका तुम्हाला यायलाच हवी. ४७० चेंडू आणि ०.३०० प्रमाण धरलं तर प्रमाण त्रुटी ०.०२१ येते. २००० चं प्रमाण ०.२३६, म्हणजे सरासरीपासून तीन प्रमाण त्रुटी खाली. हे नुसतं नशीब? एकच पिचर सहज उचलला असता तर मीही नाही म्हणालो असतो. पण हे वर्ष मी उचललं ते ठळक आहे म्हणूनच, शेकडो पिचरांच्या कित्येक मोसमांतून. निवड करून आणलेल्या उदाहरणाला साधी चाचणी लावता येत नाही. (पेपर वाचतानाही हे लक्षात ठेवा.)

माझ्या पिचरचा हिशेब करू. साठ इनिंगमध्ये मैदानात पडलेले चेंडू धरा १८०. अपेक्षित हिट ५४, प्रमाण विचलन सहा. एका आउटच्या जागी हिट झाला तर साधारण पाऊण धाव जास्त जाते. सहा हिट म्हणजे साडेचार धावा, म्हणजे ईआरएमध्ये जवळपास ०.७. चारचा पिचर काहीही न बदलता ४.७० चा दिसतो, आणि असं व्हायला फार वाईट नशीबही लागत नाही.

मग गेममध्येच तपासू या, असं मला वाटलं होतं. तोच मोसम पुन्हा पुन्हा खेळवायचा, पिचरचे गुण तेच ठेवायचे आणि ईआरए किती हलतो ते बघायचं. नॉईज डोळ्यांनी बघायला हा प्रयोग झकास आहे. पण त्यावरून 'मॅक्रॅकन बरोबर होते' असं लिहिलंत तर फसलात. गेममध्ये पिचरचे मुख्य गुण स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल, म्हणजे ढोबळमानाने स्ट्राइकआउट, होम रन आणि वॉक. बनवणाऱ्यांनी आधीच आत घातलेलं गृहीतक आपण बाहेर काढून निष्कर्ष म्हणून दाखवतोय. सिम्युलेशनवर काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा खड्डा, आणि तो आपला आपल्याला दिसत नाही.

खरी तपासणी खऱ्या सामन्यांवरच झाली. गंमत म्हणजे ती करणाऱ्यांत 'डायमंड माइंड बेसबॉल' हा दुसरा सिम्युलेशन गेम बनवणारे टॉम टिपेट होते. २००३ मध्ये त्यांनी लांब कारकिर्दी तपासल्या. हजारो चेंडूंच्या हिशेबात काही पिचरांचा थोडा, पण खरा ताबा दिसतो, असं त्यांना आढळलं. नकलबॉल टाकणारे तर ठळक अपवाद आहेत. म्हणजे मूळ दावा चुकला नाही, त्याची धार बोथट झाली: एका मोसमात जो गुण नॉईजखाली बुडतो, तो पंधरा मोसमांत वर येतो.

आता मी जूनमध्ये ईआरएचा रकाना बघतच नाही. स्ट्राइकआउट आणि वॉक बघतो, कारण ते लवकर स्थिर होतात. होम रनना जरा वेळ देतो. यंदा माझ्या पाळीतल्या चौथ्याचा ईआरए ५.१ आहे, स्ट्राइकआउट जागच्या जागी आहेत आणि लीगमधल्या दोघांनी त्याला मागितलंय. दिलेला नाही.