परकी भाषा आणि महाविद्यालयाचे दार

दहावीचा निकाल लागला की कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावी घरोघरी एकच खल सुरू होतो: मुलाने वर्ध्यास जावे, नागपुरास जावे, की येथेच राहावे? अशा वेळी कोणी तरी सांगतोच, ‘संस्कृत घ्या, जर्मन घ्या, गुण भरपूर पडतात.’ हा सल्ला कितपत खरा, हे आपण तपासून पाहू.

तो अगदीच खोटा नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषयांपैकी तीन भाषा असतात आणि उत्तम पाच विषयांवर टक्केवारी ठरते. अकरावीचा प्रवेश याच गुणांवर मिळतो. म्हणून येथे भाषेचा गुण मोलाचा ठरतो.

बारावीनंतर मात्र चित्र पालटते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या विषयांची; राज्यातील अभियांत्रिकीची सीईटी भौतिक, रसायन आणि गणित यांची. भाषेच्या गुणांनी तेथील क्रमांक वर सरकत नाही. आयआयटीच्या प्रवेशासाठी बारावीस ७५ टक्के, अथवा मंडळाच्या पहिल्या वीस शतमकांत स्थान, अशी अट आहे. अनुसूचित जाती-जमातींस व अपंगांस ती ६५ टक्के. त्या बेरजेत एक भाषा धरली जाते. पण तो उंबरठा होय, क्रमांक प्रवेशपरीक्षेचाच.

अमेरिकेत हिशेब निराळा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ इंग्रजीखेरीज एका भाषेचा किमान दोन वर्षांचा अभ्यास मागते. हार्वर्ड तर एकाच परकी भाषेचा चार वर्षे अभ्यास असावा अशी शिफारस करते. आपण विचारतो, ‘गुण किती?’ ते विचारतात, ‘वर्षे किती?’

भाषा गुणांसाठी घेतली म्हणून ती गुणांपुरतीच राहावी असे नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले; तरी संस्कृत सुटली नाही. ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवाद त्यांनीच केला.

मग ज्या गावी जर्मन वा फ्रेंच शिकविणारे कोणी नाही, तेथील मुलाने काय करावे? त्याने हताश होण्याचे कारण नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात परकी भाषांची बी. ए. पदवी आहे, तेथे फ्रेंच, रशियन, जपानी अगदी मुळाक्षरांपासून शिकवितात. २०२२ पासून तिचा प्रवेश सीयूईटी परीक्षेने होतो. आपल्याच जिल्ह्यात वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठातही परकी भाषांच्या अध्यापनाची सोय आहे.

तेव्हा भाषा निवडण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. ज्या दाराशी मुलास जायचे, तेथे हे गुण मोजतात काय? आणि मोजत नसतील, तरी ही भाषा शिकण्याची त्यास गोडी आहे काय? पहिल्याचे उत्तर माहितीपुस्तिकेत सापडेल. दुसरे मुलालाच विचारले पाहिजे.