हृदयावरचा खोटा डाग

लेखमाला : तपासणी समजून घेताना – भाग ६

रक्तवाहिनीतला अडथळा सीटी स्कॅनवर कसा दिसतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण त्या अडथळ्यापुढच्या स्नायूला रक्त खरंच कमी पडतंय का? ते सांगते सीटी परफ्यूजन. शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडतात आणि ती हृदयाच्या स्नायूत पोचताना चित्रं घेतात. भरपूर रक्त मिळणारा भाग उजळ दिसतो, कमी मिळणारा काळपट. मात्र काही काळपट डागांचा रक्तपुरवठ्याशी काहीच संबंध नसतो. ते चित्र तयार होतानाच उमटतात.

सर्वांत फसवा डाग डाव्या खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीत, बुडाशी पडतो. या भिंतीच्या एका बाजूला डायने भरलेला कप्पा, दुसऱ्या बाजूला तशीच भरलेली महाधमनी. क्ष-किरणांच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. सुपात पाखडताना हलकं उडून जड मागे राहतं, तसे आयोडीनमधून जाताना कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात आणि भेदक तेवढे पुढे निघतात. चित्र जुळवण्याचं मूळ गणित मात्र सगळे किरण एकाच ऊर्जेचे धरून चालतं. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली मांडलेली पद्धत या गणितातला मोठा टप्पा; त्याच वर्षी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. गृहीतक आणि वास्तव यांत फरक पडला, की दोन उजळ भागांमधली निरोगी भिंतही काळवंडलेली दिसते.

उपाय आहेत. दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर स्कॅन केला, तर एकाच ऊर्जेच्या किरणांनी घ्यावं तसं चित्र गणिताने काढता येतं. डायमागोमाग सलाइन सोडलं, की उजव्या बाजूला साचलेल्या डायचे पट्टे कमी होतात. वाचणाऱ्या डॉक्टरांची नजरही महत्त्वाची. खरी कमतरता बहुधा एखाद्या धमनीच्या हद्दीत असते आणि स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होते. खोटा डाग ही हद्द पाळत नाही. ठोक्याच्या वेगळ्या क्षणाच्या चित्रात तो अनेकदा बदलतो.

दुसरं कारण हालचाल. मिनिटाला ६० ठोके असतील, तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो आणि त्यात हृदय क्षणभर विसावतं. ठोके ९० झाले, की तो विसावा आक्रसतो आणि कडा फिसकटतात. म्हणून ईसीजीशी जुळवून चित्रं घेतात, गरजेप्रमाणे ठोके कमी करणारी गोळी देतात आणि श्वास रोखायचा सराव करून घेतात.

तुकईथडसारख्या गावाहून अशा तपासणीला मोठ्या शहरात जायचं म्हणजे भाडं आणि बुडालेली मजुरी आली. तपासणी वाया गेली, तर सगळा खर्च पुन्हा. म्हणून तयारीच्या सूचना घर सोडण्यापूर्वीच नीट विचारून घ्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारं ॲडिनोसिन हे औषध देऊन तपासणी होणार असेल, तर पहाटे निघतानाचा कपभर चहाही घात करू शकतो. चहातलं कॅफिन त्या औषधाचा परिणाम अडवतं आणि खरी कमतरता झाकली जाऊ शकते. दमा असेल, तर तो आधीच सांगा. चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

रिपोर्टमध्ये डाग आला, तर हा डाग कोणत्या धमनीच्या भागात आहे आणि विश्रांतीच्या, म्हणजे ते औषध न देता घेतलेल्या, चित्रातही दिसतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हा प्रश्न विचारणं रुग्णाचा हक्कच आहे.

पुढच्या आठवड्यात : सीटी स्कॅनमधून किरणांची मात्रा किती मिळते आणि ती कमी कशी ठेवतात.